पास केलेली टाकी

"अहो, काडी ओढू नका!"

उमा न्हाणीघरातून ओल्या हातांनी धावत आली. तिने त्याच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली, सिलिंडर बंद केला आणि खिडकीची दोन्ही दारं उघडली. नीलकंठ सप्रे ओट्यापाशी तसाच उभा राहिला. दुसऱ्यांदा चहा करावा म्हणून तो आत आला होता. शेगडीचं एक बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. किती वेळ, कुणास ठाऊक. उमा पदर नाकाला लावून खोकत होती. त्याने छाती भरून श्वास ओढला. कार्तिकातली सकाळची गार हवा आत आली, एवढंच.

"एवढा वास सुटलाय, मला न्हाणीत कळला," ती म्हणाली.

"सर्दी आहे थोडी."

"सर्दी नाही." ती पदराने हात पुसत त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही. मागल्या वर्षीच्या दिवाळीपासून येत नाही. मला माहीत आहे."

तो हसला. हसू चेहऱ्यावर नीट बसेना. उमाने मग हळूहळू, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं सांगितलं. कपाटामागे उंदीर मरून पडला होता तेव्हा तो तीन दिवस त्याच खुर्चीत बसून पेपर वाचत होता. नासलेल्या दुधाचा चहा त्याने न बोलता पिऊन टाकला होता. तेव्हापासून दूध, डाळ, आमटी ती आधी स्वतः हुंगते आणि मग त्याच्यापुढे ठेवते. "मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं. "काय बोलायचं?" ती म्हणाली, "सगळा देवास-धार तुम्हाला नाकवाले दादा म्हणतो. मी कुठल्या तोंडाने सांगू?" ती पुन्हा न्हाणीत गेली. नीलकंठने फळीवरचा हिंगाचा डबा काढला, उघडला, नाकाशी धरला. मग कापराची डबी. मग मोरीजवळची रॉकेलची बाटली. रॉकेलने डोळ्यांना किंचित चुरचुरलं आणि त्याला आशा वाटली. पण ते डोळ्यांचं काम होतं, नाकाचं नव्हे. बाटलीला बूच लावताना त्याचा हात थांबला. काल संध्याकाळी धारच्या तलावावर त्याने गणोजींच्या बोटीची टाकी पास केली होती. नाक लावून.

बोट जुनी होती. गणोजी पवारांनी ती कुठल्याशा धरणावरच्या लिलावात घेतलेली, पेट्रोलच्या इंजिनाची, बारा माणसांची. टाकी मागच्या बाकाखाली एका बंद कप्प्यात बसवलेली. वीस-बावीस वर्षांची पत्र्याची टाकी, आतून गंजलेली, बुडाशी सुईच्या टोकाएवढी तीन भोकं. असल्या टाक्या दुरुस्त करणारा माणूस या भागात दुसरा नव्हता. कारखान्यातून रिटायर झाल्यावर नर्मदेकाठच्या नेमावरच्या एका नाववाल्याची टाकी त्याने हौसेने करून दिली आणि मग एकाने दुसऱ्याला सांगितलं. तो टाकी सोडवून आणायचा, सोड्याच्या कढत पाण्याने दोन-तीनदा धुवायचा, भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचा म्हणजे आत पेट्रोलची वाफ साठायला जागा उरत नाही, आणि मगच तापलेल्या लोखंडाने कथलाचा डाख द्यायचा. नंतर आतून लेप ओतून टाकी दोन दिवस अंगणात उलटसुलट करत वाळवायची. सायकलच्या पंपाने थोडी हवा भरून साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला नाही की टाकी परत बोटीत. हे सगळं त्याने या वेळीही केलं होतं, चोख केलं होतं. शेवटची परीक्षा मात्र बसवल्यानंतरची. टाकी भरून कप्पा तासभर बंद ठेवायचा, मग झाकण उघडून आत डोकं घालायचं आणि डोळे मिटून श्वास घ्यायचा. लोक ते बघायला जमत. काल गणोजी होते, बोट चालवणारा मांगीलाल होता, दोघे-चौघे रिकामटेकडे होते. त्याने डोळे मिटले, श्वास घेतला, मान वर काढून म्हणाला, "पास." गणोजींनी पेढ्याचा पुडा पुढे केला होता.

आणि काट्याच्या झाकणाखालचं पॅकिंग जुनंच होतं. हे त्याला आत्ता, मोरीजवळ उभ्याने आठवलं. टाकीच्या डोक्यावर पेट्रोल दाखवणारा काटा असतो, त्याच्या झाकणाखाली बुचाची चकती. नवी मापाची मिळाली नाही म्हणून जुनीच साफ करून लावली होती. सुटी करून पुन्हा बसवलेली चकती कधी नीट बसते, कधी बसत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली आणि बोट डुलायला लागली तर... बसत नसेल तर वास येईलच, असा त्याने विचार केला होता.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्याने धारला फोन लावला. इंदिराबाईंनी, गणोजींच्या बायकोने, उचलला. "अरे दादा, तुम्ही! हे तर जेवण बांधून तलावावर गेले. चारला पहिली फेरी आहे ना. आमची नात चिऊ पण बसणारेय. मी नको म्हणत होते, हे म्हणाले, नाकवाल्या दादांनी पास केलीय, आता कसली भीती." त्याच्यापुढे काचेवर लाल आकडे सरकत होते. सांगायचं वाक्य साधं होतं: बोट चालू करू देऊ नका. पण त्याच्यामागून 'का' येणार, आणि त्या 'का'चं उत्तर बूथवाला, बाहेर उभी असलेली दोन माणसं, इंदिराबाई, सगळ्यांपुढे द्यावं लागणार. "त्यांना निरोप द्या, मी येतोय म्हणावं," तो म्हणाला. "फेरी पाहायला? या ना!" त्या हसून म्हणाल्या. "पण निरोप कोण नेणार, माझे तर गुडघे..." त्याने फोन ठेवला. तेव्हा अकरा वाजत होते. चारपर्यंत सहज पोचू, स्वतःच बघू, कुणाला काही सांगावंच लागणार नाही, असं त्याने स्वतःला समजावलं आणि देवासहून इंदूरची बस पकडली.

बसमध्ये खिडकीशी बसून तो शेवटचा वास शोधत राहिला. कधी आला होता? उन्हाळ्यात अक्का गेली, बदनावरला. थोरली बहीण, तिच्या तेराव्याला चुलीत कुणाच्या तरी हातून वाळल्या मिरच्या पडल्या होत्या आणि सगळं घर ठसकत अंगणात आलं होतं. तोही आला होता, सगळ्यांच्या मागोमाग. ठसका लागला होता की सगळे निघाले म्हणून निघाला होता? उदबत्ती, धूप, पिंडाच्या भाताची वाफ, हे सगळं त्याला आठवत होतं, पण चित्रासारखं. त्याला एकदम कळलं की गेलं वर्षभर त्याला वास डोळ्यांनी येत होते. फोडणी तडतडताना दिसली की फोडणीचा वास आला असं वाटायचं. मोगरा दिसला की मोगऱ्याचा. आणि धुऊन, डाख देऊन, लेप लावून चकचकीत केलेली टाकी दिसली की ती स्वच्छ आहे असा वास यायचा. काल डोळे मिटण्याआधीच त्याने निकाल ठरवला होता. डोळे मिटणं हे फक्त बघणाऱ्यांसाठी होतं.

इंदूरला बस बदलताना दीड तास गेला. धारच्या बसने गाव सोडलं आणि बेटम्याच्या अलीकडे ती टायरसाठी थांबली. माणसं उतरून बाभळीच्या सावलीला उभी राहिली. नीलकंठ उतरला नाही. त्याला यशवंतराव आठवत होते, कारखान्यातले त्याचे पहिले फोरमन. सांगलीकडून नवीन नवीन आलेल्या पोरांना ते रिकाम्या पिंपांच्या रांगेपुढे उभं करत आणि म्हणत, "रिकामं पिंप भरलेल्याहून वाईट. त्यात काय आहे ते दिसत नाही, ऐकू येत नाही. वाकून वास घ्यायचा. लाजायचं नाही." अठ्ठ्याहत्तर साली एका वेल्डरने वास न घेता रिकाम्या पिंपाला ज्योत लावली. पिंपाचं बूड सुटून शेडच्या पत्र्यातून आरपार गेलं. तो माणूस वाचला, पण त्या दिवशी शेडमध्ये जळलेल्या केसांचा जो वास भरून राहिला तो नीलकंठच्या डोक्यातून पुढे कित्येक वर्षं गेला नव्हता; घरी न्हावी आला तरी त्याला मळमळायचं. त्याने आता तो वास आठवून पाहिला. पत्र्यातलं भोक आठवलं, त्यातून आत पडलेला उन्हाचा गोल तुकडा आठवला, त्या माणसाचं नाव आठवलं. वास आला नाही. बाहेर जॅक घसरला, ड्रायव्हरने शिवी दिली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "भिया, तबियत तो ठीक हे?" त्याने मान हलवली. चिऊला त्याने कालच पाहिलं होतं, सात-आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिने त्याला विचारलं होतं की बोट पेट्रोल पिते तर तिला ढेकर येते का. फोनवर एक वाक्य बोलला असता तर ती आता घरी आजीजवळ असती.

तलावाच्या पाळीवर तो धावत पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. बोट मधोमध उभी होती. तिच्या इंजिनाचा आवाज येत नव्हता. गणोजी काठावर खुर्ची टाकून बसले होते. त्याला पाहताच उठले. "या दादा, या! बघा, काय डौलात गेली. इंजिन बंद करायला लावलंय मीच, पब्लिक पक्षी बघतेय."

"बंद केव्हा केलं?"

"झाली दहा मिनिटं."

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून जात नाही; बोटीच्या बुडात पाण्यासारखी साठते, गप्प पडून राहते. चालत्या बोटीत वारा तिला थोडीफार ढकलतो. बंद बोटीत, बंद कप्प्यात दहा मिनिटं. आणि मग स्टार्टरची एक ठिणगी. "गणोजी, बोट चालू करू देऊ नका. टाकी गळत असेल."

"अहो, तुम्हीच तर काल..." गणोजी बोलता बोलता थांबले. त्याच्या चेहऱ्यात काय दिसलं कुणास ठाऊक, ते एकदम वळले आणि तळव्यांचा कर्णा करून ओरडले, "मांगीलाल! ए मांगीलाल!"

पाण्यावरून आवाज तुटक गेला. बोटीत मागे बसलेल्या मांगीलालने मान वळवली, हात वर केला, आणि तो वाकला. नीलकंठने गणोजींचा दंड धरून त्यांना जवळजवळ पाडलंच. "ओरडू नका! बोलावताय असं समजून तो स्टार्ट करील!" बोटीत मांगीलाल वाकलेलाच होता. मग तो सरळ झाला, त्याने काठाकडे पाहिलं. गणोजींनी दोन्ही हात हलवून काही नाही, काही नाही अशी खूण केली. तीनशे हात पाणी होतं मध्ये. आता ओरडायचं नाही, आणि न ओरडता थांबवायचं.

काठाजवळ एक बाई डोंगीत बसून शिंगाडे खुडत होती. नीलकंठ तिला काही न विचारता गुडघाभर पाण्यात उतरला आणि डोंगीत चढला. डोंगी कलली. "अरे डुबावेगा कई!" बाई खेकसली. "मला त्या बोटीपर्यंत ने, माई. जल्दी. उसमें बच्चे हैं." तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, शिंगाड्यांची टोपली पायाने सरकवली आणि बांबू रेटला. त्याला पोहता येत नव्हतं. शिंगाड्याचे वेल बुडाला घासत होते, प्रत्येक रेट्याला डोंगी एका बाजूला झुकत होती, आणि त्याचे डोळे मांगीलालच्या उजव्या हातावर होते. तो हात कधी मांडीवर, कधी डोक्याच्या फेट्यावर, कधी किल्लीजवळ. पुढच्या बाकावर एक माणूस ओठात विडी धरून खिसे चाचपत होता. चिऊ बोटीच्या काठावर हनुवटी टेकून पाण्यात बोट बुडवत होती. नीलकंठने श्वास ओढला, उगाच, सवयीने. काही नाही. पाणी, वेल, पेट्रोल, सगळं सारखंच. जग काचेमागे ठेवल्यासारखं.

"दादा!" मांगीलाल ओळखून ओरडला. "सेठ बुला रिया था क्या? अभी लेके आता हूँ!" आणि त्याचा हात किल्लीवर गेला.

"हात काढ!" नीलकंठ उभा राहिला. डोंगी एवढी कलली की बाईने त्याचा सदरा धरला. "चाबी से हात हटा, मांगीलाल! कोई काडी नहीं जलाएगा! वो बिडी फेक!"

विडीवाला चिडून काही बोलणार होता, पण पलीकडून एक बाई म्हणाली, "मी केव्हापासून सांगतेय ह्यांना, पेट्रोलचा वास येतोय म्हणून. पोरीला उलटी आल्यासारखी होतेय. कुणी ऐकेल तर ना." विडीवाल्याने विडी आणि काडेपेटी दोन्ही पाण्यात टाकली. नीलकंठने बोटीचा काठ धरला. मांगीलालचा हात अजून किल्लीपाशीच होता, पण उघडा, बोटं पसरलेली, तव्यावरून उचलावा तसा.

"तुला येत होता वास?" नीलकंठने त्याला विचारलं.

मांगीलालने खाली पाहिलं. "सवेरे से आ रिया था, दादा. पण तमने पास करी थी. तो मैंने सोचा, म्हारो वहम हे."

नीलकंठला वाटलं, आपण आता काहीतरी बोलायला पाहिजे आणि ते सगळ्यांना ऐकू जायला पाहिजे. "वहम नाही," तो म्हणाला. मग सगळ्यांकडे वळून पुन्हा म्हणाला, "वहम नाही. मुझे वास नहीं आता. कल भी नहीं आता था. मैंने झूठ पास की." बोटीतली अकरा माणसं त्याच्याकडे बघत राहिली. पाण्यावर एक टिटवी ओरडत गेली.

मग कामं होती, आणि कामं त्याला येत होती. आधी चिऊ आणि दुसरी दोन मुलं, एकेक करून, न उडी मारता, डोंगीत. नीलकंठ बोटीत चढला आणि बाईने त्यांना शिंगाड्यांवरच बसवलं. किल्ली काढून मांगीलालच्या कमरेला. बॅटरीच्या तारांना कुणी हात लावायचा नाही. कप्प्याचं झाकण हळू, लोखंडावर लोखंड न आपटता, उघडलं. पायाखालची फळी उचलली तेव्हा बुडातल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग पसरलेले दिसले, आणि काट्याच्या झाकणाकडून एक बारीक ओघळ, चमकता, संथ, खाली येताना दिसला. डोळ्यांना ते अगदी स्पष्ट दिसत होतं. काल फळी उचलून पाहिलं असतं तर कदाचित कालही दिसलं असतं. डोंगी मुलांना काठावर सोडून दोर घेऊन परत आली आणि बांबूच्या रेट्याने बोट ओढत, बाकाच्या सुट्या फळ्या वल्ह्यांसारख्या मारत ते सगळे काठाला लागले. त्याला अर्धा तास लागला.

गणोजी चिऊला कडेवर घेऊन उभे होते. एवढी मोठी मुलगी, तिचे पाय त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. लोक पांगले, विडीवाला पैसे परत न मागता निघून गेला. टाकीतलं पेट्रोल मांगीलालने पिंपात काढलं. मग गणोजींनी विचारलं, "चिऊ म्हणतेय, सकाळी तुम्ही घरी फोन केला होता?"

"हो."

"मग घरच्यांना का नाही सांगितलं? मी स्कूटरवर पाच मिनिटांत घरी येतो-जातो. कुणीतरी आलं असतं मला सांगायला. शेजारचा आला असता."

टायर पंक्चर झाला, बस उशिरा आली, असं काही सांगता आलं असतं. "लाज वाटली," नीलकंठ म्हणाला.

गणोजींच्या घराण्यात मोठ्या आवाजात बोलायची रीत नव्हती. "माझी नात होती, दादा," एवढंच ते म्हणाले, आणि चिऊला घेऊन पाळीवरच्या देवळाकडे जाऊन बसले.

नीलकंठने खिशातून कागद काढला आणि त्यावर नावं लिहिली. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून त्याने पास केलेल्या टाक्या. नेमावरच्या दोन, कन्नौदच्या एका माणसाची एक, धरमपुरीच्या घाटावरची एक. चार. तलावाबाहेरच्या बूथवर तो गेला. पहिला फोन नेमावरला लागला. बूथमध्ये या वेळीही माणसं होती; एक कॉलेजची मुलगी, एक दूधवाला. "मी देवासचा सप्रे बोलतोय," तो म्हणाला. "तुमच्या बोटीची टाकी मी पास केली होती ना, ती पास धरू नका. बोट चालवू नका. मी येऊन पुन्हा करून देतो."

"कोण, नाकवाले दादा?" पलीकडचा हसला. "मजाक करते हो क्या?"

"हो, तोच. मला वास येत नाही, भिया. वर्ष झालं. तुम्हाला येत असेल तर तो खरा समजा."

दुसरा नेमावरवाला चिडला, खूप बोलला, नीलकंठने ते सगळं ऐकून घेतलं. कन्नौदवाल्याची बोट सहा महिने कोरडीच पडून होती. धरमपुरीचा फोन वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. तिथली बोट पहाटे स्नानाची माणसं घेऊन बेटावर जाते, हे त्याला माहीत होतं. तो बाहेर आला आणि पानवाल्याला धरमपुरीच्या बसची वेळ विचारू लागला.

"शेवटची गेली," मागून गणोजी म्हणाले. त्यांची जीप रस्त्याच्या कडेला चालू उभी होती. चिऊला घरी सोडून, स्कूटर ठेवून ते जीप घेऊन आले असावेत. "बसा."

"तुम्ही कशाला..."

"तुमच्यावर माझा राग आहे," गणोजी समोर बघत म्हणाले. "तो लवकर जाणार नाही. पण तिथे जाऊन तुम्ही टाकीला नाक लावून काय करणार? माझं नाक शाबूत आहे अजून. बसा."

तो बसला. गावाबाहेर गव्हाची शेतं नुकती ओलावलेली होती, ऊन उतरलं होतं. माळव्याचा सपाट भाग संपून रस्ता निमाडाकडे उतरायला लागला, वळणं आली, तेव्हा गणोजींनी गिअर बदलला, खिडकीबाहेर किंचित मान काढून हुंगलं आणि ती पुन्हा आत घेतली.

"मक्याची धांडं जाळताहेत कुठेतरी," त्याच्याकडे न बघता ते म्हणाले. "ओली आहेत."